आलं-सुंठीचं घडीपत्रक : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

विषय ठरला: आलं आणि सुंठ, घरगुती औषध म्हणून. जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आहे. तेव्हा गावात वाटायला डी. फार्म.च्या, म्हणजे औषधनिर्माण पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी एक घडीपत्रक करायचं. ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, दोन घड्या. फार लिहायला जागाच नाही, हे एका अर्थी बरंच.

विषय मुलांनीच सुचवला. साताऱ्यात, त्यातही कोरेगावकडे, आल्याचं पीक जुनं. वर्गातल्या कित्येकांची फी त्याच पैशातून येते. ओंकारने मोबाइलवर फिरत आलेले ‘आल्याचे २१ फायदे’ तिथल्या तिथे वाचून दाखवले. केस गळणं, मधुमेह, कर्करोग, वजन, सांधे, हृदय, रक्तशुद्धी. किती घ्यायचं, कोणत्या रूपात, किती दिवस आणि कोणी घ्यायचं नाही, याचा एकवीस ओळींत कुठे पत्ता नाही.

तेच चार प्रश्न फळ्यावर लिहिले. पत्रकात जायला उमेदवार असलेल्या प्रत्येक ओळीला हे चार प्रश्न विचारायचे. उत्तर नसेल तर ओळ बाहेर.

वाटणी: स्नेहल आणि दोघी वाचनाला, ओंकारची टोळी नमुने आणि प्रयोगशाळेला, बाकीचे गावात विचारपूस करायला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

विचारपुशीच्या वह्या आल्या. माल भरपूर आहे. खोकल्याला आल्याचा रस आणि मध. अजीर्णाला मीठ-लिंबू लावलेली आल्याची चकती. डोकं चढलं की सुंठ उगाळून कपाळावर लेप. थंडीत सकाळी सुंठ-गूळ-तुपाची गोळी. बाळंतिणीला सुंठीचे लाडू. बाळाच्या गुटीत सुंठीचे वेढे, ‘चार तरी पाहिजेत’ इथपासून ‘एकच पुरे’ इथपर्यंत मतभेद. आमरसावर सुंठपूड सगळ्यांचीच.

एका घरात मात्र पोरांनी नीट कान दिला. तिथले काका रोज तीन-चार पेले काढा घेतात, २०२० पासून. त्या मार्चच्या अखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घ्यायला सांगितलं होतं. करोना गेला, काढा राहिला, आणि एक-दोनचे तीन-चार झाले. काका रोज उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळीही घेतात. छातीत जळजळ कशाने होते असं विचारल्यावर म्हणाले, ‘वयाने.’

हे पत्रकात हवंच. काकांचं नाव-गाव न लिहिता.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परवा मतदान. इमारत केंद्रासाठी दिली आहे, बाकं हलवणं चालू. आठवडाभर काही होणार नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फक्त तराजू. सगळ्या प्रकल्पाचा पाया हाच आहे असं माझं मत, आणि मुलांना तो सगळ्यात कंटाळवाणा वाटला.

बाजारातलं ताजं आलं धुऊन, चकत्या करून, ओव्हनमध्ये वाळवलं. शंभर ग्रॅमचे वीसच्या आसपास उरले. पुस्तकी आकडाही तेवढाच, जातीप्रमाणे थोडा खाली-वर. म्हणजे एक ग्रॅम सुंठ हवी तर ताजं आलं साधारण पाच ग्रॅम. पाच ग्रॅम म्हणजे अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढा तुकडा.

मग सुंठपूड. चहाचा चमचा सपाट भरला तर दोन ग्रॅमच्या जरा आत. आपल्याकडे चमचा सपाट भरतो कोण? शीग लावली की वजन जवळजवळ दुप्पट. स्नेहलच्या आईच्या हातचा ‘एक चमचा’ आणि ओंकारच्या आजीचा ‘एक चमचा’ यांत एवढा फरक निघाला की वर्गात वाद झाला.

चौघांच्या चहात घरी किती आलं पडतं तेही मोजलं. एका कपाच्या वाट्याला सुकं धरून पाव-अर्धा ग्रॅम. यावर कुणी आजारी पडत नाही आणि, खरं सांगायचं तर, कुणाचा आजारही बरा होत नाही. चहा चहाच.

आयुर्वेदिक औषधकोशात शुंठी चूर्णाची मात्रा १ ते २ ग्रॅम दिली आहे. हा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, पुसायचा नाही म्हणून चौकट करून.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

रहिमतपूरच्या बाजूला शेतावर गेलो. पानं पिवळी पडायला लागली आहेत, काढणी अजून पुढे. शेताचे मालक तात्या, त्यांनी गड्डा उपटून दाखवला. पोरांना आल्याच्या मुळ्या औषधी वाटत होत्या. औषधात वापरतात तो कंद, म्हणजे जमिनीखालचं खोडच. मुळ्या वेगळ्या, बारीक.

दराची चर्चा अटळ. इथे भाव किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे ५०० किलो. तात्या म्हणाले, ‘बाई, औषध म्हणून खा नाहीतर भाजीत घाला, पण गाडीला दर मिळू द्या.’

कामाचं: कंदकुजीसाठी बुरशीनाशकाची आळवणी होते, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओततात. शेवटची आळवणी आणि काढणी यांत लेबलावर लिहिलेले दिवस जायला हवेत. हे शेतकऱ्याला सांगायचं, गिऱ्हाईकाने करायचं एवढंच की गड्ड्याच्या बेचक्यांत अडकलेली माती ब्रशने धुऊन मगच सोलायचं. सुंठ इथे फारशी कुणी करत नाही. माल ओलाच जातो. आपल्या डब्यातली सुंठ बहुधा केरळातून आलेली असते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोगशाळा. मुलं आज खूश.

पहिलं, चुना. दुकानातली पांढरीशुभ्र सुंठ बघून गिऱ्हाईक ‘चांगला माल’ म्हणतं. ती शुभ्रता चुन्याच्या लेपाची असते. किडीपासून जपायला हा लेप पूर्वापार देतात, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याला मर्यादेसह परवानगीही आहे. हवेत राहून चुन्याचा कार्बोनेट होतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. पांढरी कांडी फसफसली, मळकट तपकिरी कांडी गप्प. वैदू लोक मळकट, सुरकुतलेली, मोडल्यावर वास मारणारी सुंठ का निवडतात ते एका थेंबात समजलं.

दुसरं, अर्कातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या सिलिका जेलच्या पट्टीवर तीन अर्क शेजारी-शेजारी: ताजं आलं, आम्ही वाळवलेली सुंठ, आठवडा बाजारातली सुट्टी सुंठपूड. द्रावक ईथर आणि हेक्झेन, वरून व्हॅनिलिन-सल्फ्युरिक आम्लाचा फवारा आणि थोडी ऊब. ताज्या आल्यात खालचा जांभळा ठिपका ठसठशीत: जिंजेरॉल, आल्याला तिखटपणा देणारा घटक. आपल्या सुंठीत त्याच्या वर दुसरा ठिपका चढलेला: शोगाओल. वाळताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि हे तयार होतं. ते जास्त झणझणीत. म्हणून सुंठ आल्यापेक्षा तिखट लागते, नुसतं पाणी आटलं म्हणून नव्हे. शिजवल्यावर उलट थोडं सौम्य झिंजेरोन तयार होतं, उकळलेल्या चहात आलं मवाळ होतं ते त्यामुळे.

बाजारच्या पुडीचे दोन्ही ठिपके पुसट. जुना माल असेल, भेसळ असेल, आम्हाला एवढ्या साधनांत सांगता येणार नाही. पण ‘एक चमचा सुंठ’ म्हणताना कोणती सुंठ, हा प्रश्न उभा राहिलाच. पत्रकात ओळ: अख्खी कांडी आणा, घरी कुटा, बुरशीचा वास असेल तर टाकून द्या. साठवणीत दमट राहिलेल्या सुंठीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, धरू शकतं. युरोपात आल्याच्या मसाल्याला त्याची मर्यादा कायद्यानेच घालून दिली आहे. पावसाळ्यात आपल्या डब्याची काय गत होते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

वाचनाची पहिली खेप: मळमळ आणि उलटी. आल्याचा सगळ्यात भक्कम दावा हाच.

१९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रवासातल्या मळमळीवर प्रयोग छापून आला. गाडी लागण्याचा त्रास असलेल्या ३६ विद्यार्थ्यांना फिरत्या खुर्चीत बसवून गरगरवलं. सुमारे एक ग्रॅम आल्याची पूड घेतलेले विद्यार्थी डायमेनहायड्रिनेट या नेहमीच्या औषधापेक्षाही जास्त वेळ टिकले. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल कॅडेटांना खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम दिलं. उलट्या आणि थंड घाम कमी झाले, मळमळ आणि गरगर यांत मात्र नीटसा फरक नाही. १९९१ साली अमेरिकेत पुन्हा खुर्चीवरच तपासलं, तेव्हा काहीच उपयोग दिसला नाही. मुलांचा चेहरा पडला. मी म्हटलं, तिन्ही लिहून ठेवा, आवडेल तेवढंच उचललं तर आपण ‘२१ फायदे’वाल्यांहून वेगळे कसे?

केमोथेरपीच्या मळमळीवरचा २०१२ चा अमेरिकेतला अभ्यास मोठा आहे, ५७६ रुग्णांचा हिशेब. सगळ्यांना नेहमीची उलटीविरोधी औषधं चालूच होती, आलं त्याच्या जोडीला. दिवसाला अर्धा, एक किंवा दीड ग्रॅम. सर्वांत चांगला गुण अर्ध्या आणि एक ग्रॅमला. दीड ग्रॅमने जास्त काही मिळालं नाही. फळ्यावरच्या चौकटीतला औषधकोशाचा आकडा पुन्हा एकदा सगळ्यांनी वळून बघितला.

काम कसं करतं हेही मुलांना ओळखीच्या वाटेने सांगता आलं. ओंडान्सेट्रॉन हे उलटीवरचं औषध आतड्यातल्या सेरोटोनिनच्या ज्या ग्राहींना अडवतं, त्याच ग्राहींवर जिंजेरॉल-शोगाओलचाही सौम्य अंमल दिसतो. शिवाय जठर जरा लवकर रिकामं होतं.

९ डिसेंबर, सोमवार

गरोदरपणातली मळमळ. इथे जपून.

थायलंडमधला २००१ चा अभ्यास. रोज एक ग्रॅम, चार भागांत, चार दिवस. आलं घेतलेल्या ३२ जणींपैकी २८ जणींना बरं वाटलं. तशीच दिसणारी, पण आत आलं नसलेली नुसती कॅप्सूल घेतलेल्या ३५ पैकी १० जणींनाही बरं वाटलं. ओंकारने विचारलं, ‘मॅडम, त्या दहाजणींना कशाने बरं वाटलं?’ म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. वर्ग हसला, पण तुलनेचा गट कशाला ठेवतात हे पुस्तकातल्या तीन पानांनी समजलं नव्हतं ते तिथे समजलं. आता मुलं प्रत्येक अभ्यासाला विचारतात: सुंठीवाचून किती गेले?

सुरक्षिततेचं: नॉर्वेत ६८,५२२ गरोदर बायकांची नोंद तपासली, त्यांत १,०२० जणींनी आलं घेतलं होतं. बाळातली व्यंगं वाढलेली दिसली नाहीत. सतराव्या आठवड्यानंतर रक्तस्राव किंवा डाग पडणं मात्र या गटात थोडं अधिक. दुसरीकडे फिनलंडच्या अन्नखात्याचा सल्ला असा की गरोदर बायकांनी आल्याचा चहा आणि पूरक गोळ्या टाळाव्यात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या यादीत आलं एक पर्याय म्हणून आहे. शहाण्या लोकांतही एकमत नाही, तेव्हा आपण आव आणायचा नाही. ओळ अशी: स्वयंपाकातलं आलं चालतं, औषध म्हणून रोज घ्यायचं असेल तर नर्सताईंना किंवा डॉक्टरांना विचारून, आधी गर्भपात झाला असेल, अंगावरून जात असेल किंवा दिवस भरत आले असतील तर नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

गुडघे: २००१ चा अमेरिकेतला अभ्यास, २४७ जणांचा. अर्क घेतलेल्यांत ६३ टक्क्यांचं दुखणं उतरलं, नुसत्या कॅप्सूलवर ५० टक्क्यांचं. फरक आहे, पण फार नाही. पोटाची तक्रार अर्काच्या गटात ५९ जणांची, दुसऱ्यात २१ जणांची. आणि बारीक अक्षरांतली गंमत म्हणजे तो अर्क एकट्या आल्याचा नव्हताच, त्यात कुळिंजनही होतं. पुढे पाच अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हाही थोडाच गुण, आणि मध्येच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त.

पाळीच्या वेदना: इराणमध्ये १५० विद्यार्थिनींवर, २५० मिलिग्रॅम दिवसातून चारदा. मेफेनॅमिक ॲसिड आणि आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांइतकाच गुण. स्नेहलने लगेच टोकलं, ‘यात सुंठीवाचूनचा गट कुठाय?’ नव्हताच. तरी ही ओळ ‘करून बघायला हरकत नाही’ या शब्दांत जाईल.

मधुमेह, वजन, कोलेस्टेरॉल: छोटे-छोटे अभ्यास, कुठे थोडा फरक. पत्रकात नाही. साखरेची गोळी बंद करून सुंठ घेणारा एक माणूस निघाला तर आपलं सगळं पत्रक पाण्यात.

१७ डिसेंबर, मंगळवार

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. या ओळीवर सर्वांत जास्त वेळ गेला.

जर्मनीतली २००४ ची नोंद: ७६ वर्षांच्या बाई, फेनप्रोकुमॉन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर. सुंठीचे तुकडे आणि आल्याचा चहा नेमाने घेत होत्या. नाकातून रक्त सुरू झालं, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतो त्याचं माप, दहापर्यंत चढलेला. नेहमीच्या रुग्णात तो दोन-तीनच्या दरम्यान ठेवतात. उलट बाजूला, ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये १२ निरोगी पुरुषांना आठवडाभर आलं देऊन वॉरफेरिन या तशाच गोळीचा डोस दिला, तर काही फरक नाही. ओंकार म्हणाला, ‘बारा विरुद्ध एक, म्हणजे सुरक्षित.’ बारा तरुण, धडधाकट, एकच गोळी घेतलेले. आपल्या गावातला रुग्ण सत्तरीचा, चार गोळ्यांवर, आठ दिवसांनी एकदा जेवण सोडणारा. त्याला कोणत्या ओळीने सावध करायचं ते त्या बारांवरून ठरणार नाही.

दुपारी वैद्यबाई आल्या. कॉलेजात एकत्र होतो, त्यामुळे सरळ भांडण. ‘तुझ्या पत्रकात सगळं परदेशी. आमच्याकडे कुणाला द्यायचं नाही हे कधीच लिहून ठेवलंय.’ मग भावप्रकाशातला आर्द्रकाचा, म्हणजे ओल्या आल्याचा, भाग काढून दाखवला. सोळाव्या शतकातला ग्रंथ. कुष्ठ म्हणजे त्वचेचे आजार, पांडू म्हणजे रक्त कमी होणं, लघवीला त्रास, रक्तपित्त म्हणजे शरीरातून रक्त जाणं, जखम, ताप, दाह, यांत आलं नको. ग्रीष्मात आणि शरदात नको. आणि त्याच ग्रंथात जेवणाआधी मीठ लावून आलं खाणं पथ्यकर म्हटलंय.

रक्तपित्त वाचून मी खरंच थबकले. जर्मन बाईंचं नाकातलं रक्त आणि ही ओळ एकाच ठिकाणी बोट ठेवतात. कारणमीमांसा वेगळी आहे, ती ओढून-ताणून जुळवायची नाही असं आम्हा दोघींचं ठरलं. ‘आणि ताप?’ मी विचारलं. ‘अगं, लोक वर्षभर तापात काढे पीत होते.’ त्या म्हणाल्या, ‘आम्हाला विचारून पीत होते का?’

ओळ पक्की: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर चहातलं, भाजीतलं आलं चालेल, सुंठ-चूर्ण, रस, काढा, कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको, शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद. पित्ताशयात खडे असतील तरी विचारून.

२० डिसेंबर, शुक्रवार

आज एकाने विचारलं, ‘पण नैसर्गिक आहे ना मॅडम? कॅप्सूल घेतली तर काय बिघडतं?’ तासाचा विषय बाजूला ठेवून जमैका जिंजरची गोष्ट सांगितली.

अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हाची. आल्याचा दारूतला कडक अर्क औषध म्हणून दुकानात मिळे, त्यात सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल. लोक अर्थात औषध म्हणून पीत नव्हते. सरकारने अट घातली की त्यात आल्याचं घन सत्त्व पुरेसं हवं, म्हणजे तो पिववणार नाही इतका कडू-जहाल राहील. सत्त्व महाग आणि तोंड भाजणारं. बॉस्टनच्या दोघा धंदेवाल्यांनी तपासणीत वजन भरावं आणि चवही बिघडू नये म्हणून त्याऐवजी ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट घातलं, जे प्लास्टिक-लाखेच्या धंद्यात वापरत. १९३० मध्ये हजारो माणसांचे पाय लुळे पडले. बहुतेक गरीब मजूर. त्याच कुळातल्या रसायनाने १९८८ साली कोलकात्याच्या बेहाला भागात खाद्यतेलातून लोकांना लुळं केलं.

आल्याने यातल्या कुणालाही काही केलं नव्हतं. बाटलीवर आल्याचं नाव होतं एवढंच.

आजच्या कॅप्सूलचं म्हणाल तर २००६ मध्ये अमेरिकेत आल्याच्या दहा वेगवेगळ्या पूरक गोळ्या तपासल्या. सहा-जिंजेरॉल एका ग्रॅमला शून्यापासून ९.४३ मिलिग्रॅमपर्यंत. शून्य म्हणजे शून्य. मुलांनी आपली पुसट ठिपक्यांची पट्टी पुन्हा काढून बघितली.

२६ डिसेंबर, गुरुवार

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. त्यांना आल्यात फारसा रस नाही, आल्याबरोबर काय जातं आणि आल्यामुळे काय लांबतं यात आहे.

मध. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. त्यात बोटुलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटाला ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष करतात. बाळ सुस्त, बद्धकोष्ठ, रडणं क्षीण, अंग लुळं. आणि आपल्या वहीत पहिल्याच ओळीत काय होतं? आल्याचा रस आणि मध. सहा महिन्यांपर्यंत तर आईच्या दुधाखेरीज काहीच नाही, गुटीतले वेढेही नाहीत. इथे आज्या भडकणार आहेत. भडकू देत.

खोकला. दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची, क्षयरोगासाठी. तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याकडे येणारा रुग्ण काढ्यावर महिना-दीड महिना काढून येतो, घरातल्या चौघांना वाटून. छातीत भरून येणं आणि ‘गॅस’ यांचंही तसंच: घाम, डाव्या हाताला कळ असेल तर आल्याची चकती चघळत बसायचं नाही.

हे सगळं लिहिल्यावर पत्रकाची अर्धी बाजू आल्याविषयी राहिलीच नाही. मला ते चालेल.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कच्चा मजकूर प्राचार्यांकडे. सरांचं म्हणणं, फायदे कमी आणि धाकच जास्त, गावातले आल्याचे शेतकरी नाराज होतील. मुखपृष्ठावर ‘आलं: निसर्गाचं वरदान’ असं हवं होतं त्यांना. मी तात्यांचं उदाहरण दिलं. तात्यांना मजकूर वाचून दाखवला होता, त्यांची एकच दुरुस्ती होती: ‘सुंठ कांडी घ्या’च्या जागी ‘साताऱ्याचं आलं घ्या, घरी वाळवा’. ती मान्य केली. वरदान कापलं. सरांनी सही केली, पण ‘पुढच्या वेळी चित्रं घाला’ असा शेरा मारून.

मळमळ आणि अपचन वर, पाळीच्या वेदना मध्ये, गुडघे एका ओळीत. सर्दी-खोकल्याला ‘घशाला आराम, आजारावर इलाज नाही’. मात्रा: सुंठ दिवसाला एक ते दोन ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, जेवणानंतर. छातीत जळजळ झाली तर बंद.

काढ्याचे काकाही आत आले: ‘रोजचा काढा आणि रोजची ॲसिडिटीची गोळी, दोन्ही चालू आहेत का? आधी काढा थांबवून बघा.’

९ जानेवारी, गुरुवार

छपाईआधी चार आशाताईंना वाचायला दिलं. पहिलंच वाक्य: ‘मॅडम, ग्रॅम कुणाला कळायचा?’ तिथल्या तिथे बदललं. सुंठ: चहाचा चमचा, बोटाने सपाट करून, अर्धा, दिवसातून एकदा किंवा दोनदा. ताजं आलं: अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढं. रक्त पातळ करण्याची गोळी म्हणजे कोणती तेही विचारलं. ‘हृदयाच्या झटक्यानंतर किंवा झडप बदलल्यावर, किंवा लकव्यानंतर चालू असलेली’ असं घातलं. नावं घातली तर पाकीट बदललं की लोक ‘आमची ती नाही’ म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं.

मध आणि तान्हं बाळ ही ओळ त्यांनी मागच्या पानावरून पुढे आणायला लावली, मोठ्या अक्षरात. खोकल्याची त्याच्या खाली.

एका ताईंचा प्रश्न अनुत्तरित आहे: बाळंतिणीच्या लाडवात किती सुंठ चालेल? लाडू डिंकाचा, मेथीचा, हळिवाचा, प्रत्येक घरी वेगळा. शिबिराला तराजू न्यायचा, पाच-सहा घरांतल्या लाडवांचं साहित्य वजन करून एका लाडवाला सुंठ किती येते ते काढायचं. वैद्यबाई तोवर सौभाग्यशुंठीचे, म्हणजे बाळंतिणीसाठीच्या सुंठीच्या आयुर्वेदिक औषधाचे, ग्रंथांतले पाठ बघून ठेवणार आहेत. स्नेहलकडे वही दिली आहे. बॅटरीचे सेल ओंकार आणेल.